फोटोतला डोंगर एवढासा का झाला?

या खेपेला पत्रं बरीच आली, पण पहिल्या पत्रानं माझा अख्खा रविवार खाल्ला. म्हणून जास्त जागा त्यालाच देते. बाकीच्यांनी रागावू नये, तुमचीही उत्तरं खाली आहेत.

प्रश्न : मी हौशी फोटोग्राफर, फोन हेच माझं साधन. पहाटे एका तळ्यावर गेलो होतो. पाण्यात एक निष्पर्ण झाड उभं, पाण्यालगत धुकं तरंगतंय, मागे डोंगर. पाऊण तास कुडकुडत थांबलो. धुक्यातून ते झाड असं काही दिसत होतं की सांगता येत नाही. घरी येऊन फोटो पाहिला तर डोंगर एवढासा, आकाश भलंमोठं आणि सगळं मळकट. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं तर काठावरची झुडपं पोपटी झाली. धुरकटपणा घालवायचं ‘डीहेझ’ केलं तर धुकंच गेलं. आकाश गडद केलं तर काहीतरी खोटं वाटायला लागलं, पण काय ते कळेना. मूळ फाइल आणि माझा प्रयत्न दोन्ही पाठवतोय. माझं काय चुकलं?

उत्तर : तुमच्या पत्रात डोंगर दोनदा येतो. एकदा नुसता ‘मागे’ म्हणून आणि एकदा तक्रार म्हणून. धुकं तीनदा येतं, आणि ‘सांगता येत नाही’ हे तुम्ही झाडाबद्दल म्हणता. म्हणजे पाऊण तास तुम्ही डोंगरासाठी थांबला नव्हतात. एडिटिंग करताना मात्र सगळी झटापट डोंगराशी आणि आकाशाशी केलीत. माझ्या मते चूक ही एवढीच. बाकीच्या तिच्यातून निघाल्या.

आधी डोंगराचा खुलासा करू, म्हणजे तो डोक्यातून जाईल. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, फुल फ्रेमच्या (म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत साधारण २४ ते २६ मिलिमीटरची. ती पुष्कळ काही कवेत घेते, त्यामुळे लांबच्या वस्तूच्या वाट्याला जागा कमी येते. आपण उभे असतो तेव्हा नजर डोंगरावर असते आणि बाकीच्या पसाऱ्याकडे लक्षच नसतं. लेन्स कुणाला झुकतं माप देत नाही. तिनं तुमच्या डोक्यावरच्या रिकाम्या आकाशालाही डोंगराइतक्याच इमानदारीनं जागा दिली. आता दिलासा असा, की त्याच जागी उभं राहून तुम्ही लांब पल्ल्याची लेन्स लावली असती, तरी झाड आणि डोंगर यांचं एकमेकांशी प्रमाण होतं तेच राहिलं असतं. ते ठरतं तुम्ही कुठे उभे होतात त्यावरून. क्रॉप करूनही, म्हणजे कडा कापूनही, तेच चित्र मिळतं, फक्त पिक्सेल कमी होतात.

क्रॉपचं बटण दाबण्याआधी मी एक जुनाच उद्योग केला. तुमच्या फोटोची साधी प्रिंट काढली आणि पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे तिच्यावर ठेवून सरकवत बसले. डार्करूमच्या, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्मवरून फोटो छापायच्या, दिवसांत हे तुकडे टेबलाच्या खणात कायम असायचे. स्क्रीनवर क्रॉपची चौकट ओढताना हात आपोआप फोटोच्या मूळ प्रमाणात अडकतो. पुठ्ठ्याला असली सवय नसते. प्रिंट काढायची नसेल तर स्क्रीनवर कागदाच्या पट्ट्या धरा, तेवढंच काम होतं.

पण त्याच्याही आधी फोटो सरळ करायला हवा. तुमचा फोटो डावीकडे कलला आहे, जेमतेम दोन अंश. तुम्ही तो पलीकडच्या काठाच्या रेषेवरून सरळ केलात आणि तिथे फसलात. समुद्राचं क्षितिज आडवं असतं, पण तळ्याचा काठ वळत वळत लांब जातो, म्हणून फोटोत तो तिरका दिसला तरी बरोबरच असतो. त्याला ओढून आडवं केलंत की पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटायला लागतं. पाण्याच्या फोटोत खरा ओळंबा प्रतिबिंबात असतो. झाडाचा शेंडा आणि पाण्यात दिसणारा त्याच झाडाचा शेंडा ही जोडी एका उभ्या रेषेत यायला हवी, मग झाड स्वतः कितीही वाकडं असो. फोन फार वर किंवा खाली झुकवलेला नसेल तर ही खूण दगा देत नाही. तुमचं झाड डावीकडे झुकलेलं आहे, पण दोन्ही शेंडे एकाखाली एक आणले आणि पाणी लगेच शांत झालं.

फोटो असा फिरवला की कोपरे जातात. दोन अंश फिरवून ४:३ हेच प्रमाण राखलं, तर क्षेत्रफळातले सुमारे ९ टक्के जातात. म्हणून कडेला घट्ट बसवलेला फोटो पुढे सरळ करता येत नाही. काढतानाच थोडी मोकळीक ठेवावी.

आता कापाकापी. पहिल्यांदा मी चौरस करून पाहिला. झाड, त्याचं प्रतिबिंब, बस्स. सुबक झाला, पण झाड कुठलंही वाटायला लागलं. धुक्याची ती आडवी पट्टी दोन्हीकडून छाटली गेली होती आणि तळं किती मोठं आहे ते कळायला काही मार्गच उरला नव्हता. मग लक्षात आलं की या फोटोत उभी वस्तू एकच आहे, ती म्हणजे झाड, आणि बाकी सगळं आडवं पसरलंय : काठ, धुकं, डोंगराची सोंड. तेव्हा चौकट लांबोळकीच हवी. १६:९ घेतलं. वरचं आकाश जवळजवळ सगळं काढलं, कारण तिथे काहीच घडत नव्हतं; नुसता पांढरट पडदा होता. डाव्या कोपऱ्यात होडीचं नुसतं नाक आलं होतं. होडी असेल तर होडीसारखी असावी, नाहीतर नसावी. तुमच्याकडे तिची उरलेली बाजू नाही, म्हणून नाकही गेलं. उजवीकडून आत डोकावणारी फांदीही गेली.

झाड झुकलंय डावीकडे, म्हणून त्याच्या डावीकडे जास्त पाणी ठेवलं. तुम्ही म्हणाल, हा तिसऱ्या हिश्श्याचा नियम झाला, म्हणजे चौकटीचे तीन सारखे भाग करून मुख्य गोष्ट त्या रेषेवर ठेवायची. झाला असेल. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली निसर्गचित्रांसंबंधीच्या एका पुस्तकात मांडला, म्हणजे फोटोग्राफी जन्मायच्या आधीच, आणि तेव्हापासून तो सगळ्यांच्या मानगुटीवर बसलाय. उभ्या अंगानं मी तो पाळला, आडव्या अंगानं धुडकावला. काठाची रेषा फ्रेमच्या जवळपास मध्यावर आहे, किंचित वर. तिसऱ्या हिश्श्यावर नेली असती तर पाण्यातला शेंडा कापला गेला असता, आणि ज्या शेंड्याच्या भरवशावर फोटो सरळ केला तोच कापायचा हे मला जमलं नसतं.

हिशेब असा झाला. मूळ फाइल ४००० × ३००० पिक्सेलची, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल. माझा क्रॉप २८८० × १६२०, म्हणजे पावणेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास. साठ टक्क्यांहून जास्त फोटो टाकून दिला. ऐकायला भयंकर वाटतं, पण इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी साडेनऊ इंच रुंद प्रिंट निघते, आणि फुल एचडी स्क्रीनला तर १९२० × १०८० पुरतात. डोंगर आता फ्रेममध्ये जवळजवळ १.४ पट मोठा दिसतो. तुमची तक्रार, तिच्याकडे न बघताच, मिटली.

आता उजेड. रंगाला हात लावायच्या आधी उजेड, हा क्रम मी कधी मोडत नाही. ‘मळकट’ म्हणजे रंग कमी, असं तुम्ही धरून चाललात. तुमचा हिस्टोग्राम (फोटोत डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) उघडून बघा. मधोमध एक उंचवटा, दोन्ही टोकं रिकामी. धुक्याच्या फोटोत हे थोडंफार असायचंच. पण उंचवटा जिथे हवा त्याच्या बराच डावीकडे आहे, कारण कॅमेरा जे बघतो त्याची सरासरी मध्यम करड्याकडे न्यायला बघतो. धुकं असो, बर्फ असो, त्याच्या लेखी तो करडाच. मी एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) थोडं जास्त वाढवलं आणि निम्मा मळ तिथेच धुतला गेला. मग सर्वात गडद भाग ठरवणारा ब्लॅक्सचा स्लायडर खाली आणला, पण खोडाचा बुंधा काळा होईपर्यंतच. सगळ्या फोटोत खरा काळा ठिपका तेवढाच असावा. तो एक काळा असला की धुकं आपोआप धुकं वाटतं. त्याला वेगळं काही करावं लागत नाही. ‘डीहेझ’नं नेमकं उलटं केलं. तो स्लायडर दूरच्या फिकट भागात कॉन्ट्रास्ट भरतो. दुपारच्या धुरकट दृश्याला तो उपयोगी पडतो, पण ज्या धुक्यासाठी तुम्ही पाऊण तास कुडकुडलात ते त्यानं दहा सेकंदांत पुसलं.

व्हाइट बॅलन्सचंही, म्हणजे उजेडाचा रंग जुळवायच्या सेटिंगचंही, तसंच. सूर्य वर यायच्या आधीचा उजेड हा आकाशाचा उजेड, म्हणून निळसर. फोनच्या ऑटो सेटिंगला तो दोष वाटतो आणि तो दुरुस्त करून सगळं बेचव करड्यावर आणून ठेवतं. मी निळेपणा थोडा परत आणला. इथे एक घोटाळा नेहमी होतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; भर दुपारचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, सावलीतला त्याहून वरचा आणि निळा. मग लोक स्लायडर वर नेतात आणि फोटो पिवळा होतो! कारण स्लायडरवर तुम्ही सांगता ते ‘उजेड अमुक केल्विनचा होता’ एवढंच; सॉफ्टवेअर त्याचा उतारा म्हणून उलटा रंग ओततं. निळसर हवं तर आकडा खाली न्या. मला स्वतःला हे पाठ व्हायला दोन वर्षं लागली, तेव्हा लाजू नका.

आता ती पोपटी झुडपं. सॅच्युरेशनचा स्लायडर सगळ्या रंगांना एकाच काठीनं हाकतो. आधीच भडक असलेले आणखी भडकतात. व्हायब्रन्स त्यापेक्षा समजूतदार, फिक्या रंगांना जास्त देतो आणि भडकांना कमी. तरी या फोटोत मी दोन्हींना हात लावला नाही. रंगनिहाय पॅनेल उघडलं आणि हिरव्याचं सॅच्युरेशन खाली ओढलं, तर झुडपांवर फारसा परिणाम नाही. होणारच नव्हता. गवत, पानं, शेवाळ आपल्याला हिरवी वाटतात खरी, पण फाइलमध्ये त्यांचा बराचसा भाग पिवळ्यात मोजला जातो. पिवळ्याचं सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स (उजळपणा) खाली आणा आणि बघा, झुडपं कशी निमूट मागे सरकतात. निसर्गाचे फोटो एडिट करणाऱ्या कुणालाही मी एकच युक्ती सांगू शकत असले, तर हीच सांगेन.

डोंगराचा निळा मात्र तुम्ही घासून काढलात, तो मी परत घातला. तो डाग नाही. तुमच्यात आणि डोंगरात जेवढी हवा आहे तिचा तो रंग. हवेचे रेणू लहान तरंगलांबीचा उजेड फार जास्त विखुरतात, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. ४५० नॅनोमीटरचा निळा ६५० नॅनोमीटरच्या लालापेक्षा चौपटीहून अधिक पसरतो. म्हणून लांबचा डोंगर निळा, त्यामागचा आणखी फिका. हे थर मिटवलेत की डोंगर झाडाच्या पाठीला चिकटतो.

राहिलं ते ‘काहीतरी खोटं वाटतंय’. मला ते पाच मिनिटं सापडलं नाही, मग एकदम दिसलं. तुम्ही वरून ग्रेडियंट (हळूहळू विरत जाणारा गडद थर) टाकून आकाश गडद केलंत आणि पाणी तसंच ठेवलंत. आता पाण्यातलं आकाश वरच्या आकाशापेक्षा उजळ आहे. पाणी आकाशाचा सगळा उजेड परत देत नाही, थोडा आत घेतं, म्हणून प्रतिबिंब जवळजवळ नेहमीच मूळ वस्तूहून थोडं गडद असतं. बघणाऱ्याला हा नियम सांगता येणार नाही, पण त्यानं जन्मभर पाणी पाहिलेलं असतं. त्याची नजर अडखळते. आकाशाला हात लावलात तर पाण्यालाही लावा, आणि पाणी एक पायरी खाली ठेवा. मी तुमचा ग्रेडियंट काढूनच टाकला. एवढं कापल्यावर गडद करण्याइतकं आकाश उरलंच कुठे होतं!

शेवटी फोटो बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. हे मी एका फजितीतून शिकले. एकदा रात्रभर बसून बारा निसर्गदृश्यं तयार केली आणि पहाटे समाधानानं मोठ्या प्रिंटला दिली. हातात आल्या तेव्हा बाराही फोटोंतलं आकाश शाईच्या दौतीसारखं. डोळा तासाभरात भडकपणाला सरावतो आणि आणखी मागतो. दोष सर्वस्वी माझा, पैसेही माझेच गेले. तुमचा फोटो सकाळी बघून मी निळा पुन्हा थोडा कमी केला. रात्री मलाही चढलाच होता.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ म्हणतात, ‘क्रॉप करणारा फोटोग्राफर नव्हे. जे हवं ते कॅमेऱ्यातच आलं पाहिजे.’ क्रॉप आणि रंग बदलणं ही फसवणूक आहे का?

उत्तर : त्या ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की हे मत बाळगणाऱ्यांत सर्वात मोठं नाव फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांचं आहे. आता गंमत बघा. त्यांचा पॅरिसच्या सँ-लझार स्टेशनामागचा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ सालचा जगप्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फटीतून घेतला होता, फळी आड आली, ती कापली. तत्त्व तत्त्वाच्या जागी आणि फळी फळीच्या जागी.

रंग आणि उजेड यांचं म्हणाल तर हा उद्योग फोटोग्राफीइतकाच जुना. १८५०च्या दशकातल्या फोटो घ्यायच्या काचेच्या प्लेट निळ्या उजेडाला फार हळव्या होत्या. जमीन किंवा समुद्र नीट येईपर्यंत आकाश पांढरंफटक व्हायचं. गुस्ताव्ह ले ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरनं काही समुद्रदृश्यांत सरळ दोन निगेटिव्ह वापरली, एक समुद्राचं आणि एक आकाशाचं, आणि दोन्ही एका कागदावर छापली. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला आणि त्याच एका निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिके ढग दिसतात, नंतरच्यांत आकाश जवळजवळ काळं. चंद्र तोच, खेडं तेच.

मी डार्करूममध्ये कामाला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात हातात आला तो तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा. एन्लार्जरच्या (निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणाऱ्या दिव्याच्या) उजेडात तो हलवत राहायचा, म्हणजे खालच्या कागदावर उजेड कमी पडतो आणि तो भाग उजळ राहतो. ते डॉजिंग. मुठीच्या फटीतून एखाद्या जागी जास्त उजेड पाडायचा, ती जागा गडद होते. ते बर्निंग. तुमच्या सॉफ्टवेअरमधली त्याच नावाची चिन्हं तिथूनच आली आहेत. हाताची मूठ आणि काठीवरचा गोळा.

फसवणूक कुठे सुरू होते? फोटो बातमी म्हणून देत असाल तर कडक. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत कडेचा अनावश्यक भाग क्रॉप केलेला चालतो, पण आतली वस्तू पुसलेली किंवा बाहेरची घातलेली चालत नाही. भिंतीवर लावायच्या निसर्गचित्राला असा कायदा नाही. जर्मन फोटोग्राफर आंद्रेआस गुर्स्की यांनी ‘ऱ्हाइन २’ या १९९९ सालच्या फोटोतून मागची इमारत आणि माणसं संगणकावर सरळ काढून टाकली, आणि २०११ साली त्याची प्रिंट लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेली. मला स्वतःला तो पटत नाही, पण त्यांनी काही लपवलं नव्हतं. माझी रेघ अशी : कुणी विचारलं तर काय केलं ते न अडखळता सांगता यावं. चंद्र मोठा करून डोंगरावर चिकटवलात आणि ‘असाच दिसला’ म्हणालात, तर ते ज्येष्ठ बरोबर आणि तुम्ही चूक.

एक मात्र त्यांच्या बाजूनं. ‘घरी जाऊन कापू’ ही सवय लागली की पाय हलत नाहीत. दोन पावलं डावीकडे सरकल्यानं फांदी झाडामागे जाते. ते जगातल्या कुठल्याच क्रॉपनं होत नाही.

प्रश्न : सूर्यास्ताचे रंग वाढवले की आकाशात पट्टे पट्टे दिसतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. फोन खराब आहे का?

उत्तर : फोन ठणठणीत आहे, फाइल तोकडी आहे. जेपेग ही आठ बिटांची फाइल. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाला काळ्यापासून लखलखीत उजेडापर्यंत २५६ पायऱ्या. आकाशात रंग अगदी हळूहळू बदलतो, म्हणजे त्यातल्या जेमतेम पंधरा-वीस पायऱ्या वापरात असतात. त्या ताणून अर्ध्या फोटोवर पसरल्यात की प्रत्येक पायरी सुटी दिसते. शिवाय जेपेग लहान करताना त्यातला बारीक तपशील टाकून दिलेला असतोच. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल, बारा बिटांची असली तर ४०९६ पायऱ्या, चौदा बिटांची असली तर १६,३८४. तिथे ताणायला वाव असतो. तुमच्या फोनमध्ये रॉची सोय असेल तर सूर्यास्ताला ती चालू करा. जागा खाते, इलाज नाही.

काढून झालेल्या फोटोसाठी : रंग वाढवणं अर्ध्यावर आणा आणि आकाशाच्या भागावर थोडा ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) घाला. ग्रेनमुळे पायऱ्यांच्या कडा मोडतात. हे मलम आहे, औषध नाही, पण चालून जातं.

प्रश्न : स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो. प्रिंट करणारे म्हणतात फाइलच तशी आहे. खरं कोणाचं?

उत्तर : बहुधा त्यांचं. तुमच्या स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वर असणार. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागदाला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं. प्रिंटसाठी काम करणारे स्क्रीनचा उजेड चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलाच्या आसपास ठेवतात. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि स्क्रीनवरचा पांढरा त्या कागदाइतका दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग फोटो पुन्हा उघडा. काळवंडलेलाच दिसेल. तिथून पुढे एडिट करा.

आणि पूर्ण आकाराची प्रिंट लगेच काढू नका. फोटोतून आकाश, पाणी आणि सर्वात गडद जागा येईल अशी एक अरुंद पट्टी कापून तेवढीच छापून घ्या. आम्ही पाच-पाच सेकंदांच्या फरकानं उजेड दिलेल्या अशाच पट्ट्या काढायचो. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीमध्ये द्या, प्रिंट करणाऱ्यानं दुसरं काही मागितलं नसेल तर.

प्रश्न : एका विकतच्या प्रीसेटनं (एडिटिंगच्या तयार साच्यानं) माझे सगळे निसर्गफोटो एकसारखे छान दिसतात. मग इतकी खटपट कशाला?

उत्तर : ‘एकसारखे’ हेच मला खटकलं. पहाटेचं तळं आणि भर दुपारचं माळरान यांचा उजेड एकसारखा नव्हता. प्रीसेट सुरुवातीला लावा, मग त्याचा जोर निम्म्यावर आणा आणि पिवळा तपासा. बहुतेक प्रीसेट तिथेच घसरतात.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवताना मूळ फाइल पाठवा. मेसेजिंग ॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो वाटेतच आकसतो, आणि मग मी तुमच्या तळ्याऐवजी चौकोनी ठिपक्यांचं एडिटिंग करत बसते. डॉक्युमेंट म्हणून जोडा. आणि सोबत, पहिल्या पत्रलेखकानं लिहिलं तसं, तिथे का थांबलात ते दोन ओळींत लिहा. कुठला कॅमेरा ते नाही लिहिलं तरी चालेल.